लेखणीचा रतीब

रतीब म्हणजे काय, हे खेड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. सकाळी दोन लिटर, संध्याकाळी एक लिटर, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हिशेब. पाऊस असो, लग्नसराई असो, दूध पोचले पाहिजे आणि पैसे आले पाहिजेत. साहित्यिक मंडळी मात्र हा शब्द जरा नाक मुरडून वापरतात. एखादा लेखक फार लिहू लागला की ‘लेखांचा रतीब घालतो’ असे म्हणतात. मला त्यात निंदा करण्यासारखे काही दिसत नाही. ज्या घरात लिहिण्याच्या पैशावर किराणा भरावयाचा आहे, तिथे रतीबच हवा. एकदा पाचशे रुपयांचे मानधन आणि मग चार महिने शुकशुकाट, याने घर चालत नाही.

हे लिहिण्याचे कारण असे. मी गेली तीसेक वर्षे कृषी विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव हिंडतो आणि सवडीने वर्तमानपत्रांतून शेतीविषयी लिहितो. त्यामुळे शिवारफेरीला किंवा ग्रामसभेला गेलो की कोणीतरी बाजूला घेऊन विचारते, “साहेब, आमची मुलगी एम. ए. झाली आहे, लिहिते चांगली. घरबसल्या लिहिण्याचे काही काम मिळेल का?” पूर्वी असे विचारणारा वर्षाकाठी एखादा असे. आता पदवी घेतलेल्या मुली आणि सुना घरोघर आहेत, हातात मोबाईल आहे, आणि शेतीच्या उत्पन्नाचा भरवसा तर दरवर्षी कमीच होतो आहे. विचारणारे वाढले.

माझे स्वतःचे उदाहरण त्यांच्या कामाचे नाही. मला पगार आहे. लेखाचे मानधन आले तर ठीक, नाही आले तरी पहिल्या तारखेला घर चालते. शिवाय आम्हा नोकरदारांना वर्तणुकीचे नियम असतात. खात्याला विचारल्याशिवाय कोणाचे पैसे घेता येत नाहीत, आणि एखाद्या औषध कंपनीसाठी लिहिण्याचा तर प्रश्नच नाही. तेव्हा उदाहरण द्यावयाचे तर आमच्या घरातलेच, पण दुसऱ्याचे देतो. माझ्या पुतण्याची बायको, म्हणजे आमची सूनबाई, गेली सात वर्षे लिहिण्यावर घराला हातभार लावते आहे. तिला विचारूनच लिहितो. “नाव तेवढे घालू नका, आप्पा,” एवढेच ती म्हणाली.

आमचे गाव खटाव तालुक्यातले. अवर्षणाचा मुलूख, वाचकांना सांगावयास नको. पुतण्याची चार एकर जमीन, त्यांत दोन एकर डाळिंब होते. पहिली तीन पिके चांगली आली. त्यातून घराला पत्रे जाऊन स्लॅब आला. मग तेल्या शिरला. ज्यांनी डाळिंब लावले नाही त्यांच्यासाठी सांगतो, तेल्या हा जिवाणूंचा रोग आहे. पानावर, फांदीवर, फळावर तेलकट डाग पडतात, फळ तडकते, आणि वारा-पाऊस लागला की तो साऱ्या बागेत पसरतो. छाटणी, बागेची स्वच्छता, झाडाला विश्रांती, बोर्डो मिश्रण, जे जे करावयाचे ते केले. पाठोपाठ मर रोगाने झाडे वाळू लागली. तिसऱ्या वर्षी पुतण्याने कुऱ्हाड घेतली. त्या दिवशी आमच्या वहिनी दिवसभर स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. सोसायटीचे कर्ज तसेच राहिले, आणि धाकटी पोर त्याच वर्षी पहिलीत गेली.

सूनबाई मराठी घेऊन बी. ए. झालेली. अक्षर मोत्यासारखे. माझे लेख ती पूर्वीपासून नीट लिहून देई, पुढे संगणकावर टंकून देऊ लागली. बाग गेल्यावर तिने स्वतः लिहावयास घेतले. हुरड्यावर लिहिले, बाजरीच्या खाद्यपदार्थांवर लिहिले, परसबागेवर लिहिले. वर्षभरात पाच वर्तमानपत्रांत मिळून अकरा लेख छापून आले. गावात कौतुक झाले, शाळेत तिच्या हस्ते ध्वजारोहणही झाले. वर्षअखेरीस तिने हिशेब मांडला तेव्हा हातात आले होते पाच हजार तीनशे रुपये, आणि दोन लेखांचे यावयाचे होते. ते अजून यावयाचेच आहेत.

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून तिने मला सरळ विचारले, “आप्पा, छापून येतंय, पण यात संसार कसा बसायचा? दर वेळी नवा संपादक, नवा फोन, नवी विनवणी.”

मी तिला म्हणालो, “तू आठवडी बाजारात पाटी घेऊन बसते आहेस. रोज नवे गिऱ्हाईक, रोज घासाघीस. माल चांगला आहे म्हणून विकतो, पण उद्याचा भरवसा नाही. तू रतीब लावून घे.”

“लिहिण्याचा रतीब कोण लावील?”

“ज्याला दर महिन्याला लिहिणे लागते तो.”

बोलायला मी बोलून गेलो, पण मग आम्ही दोघे खरोखरच कागद घेऊन बसलो आणि आपल्या पंचक्रोशीत दर महिन्याला, दर हंगामाला लिहिणे कोणाला लागते याचा विचार केला. वर्तमानपत्रे सोडून द्या. दूध संस्थेला सभासदांसाठी पत्रक लागते, साखर कारखान्याच्या ऊस विकास विभागाला लागणीच्या आणि खोडव्याच्या सूचना लागतात. प्रत्येक सहकारी संस्थेची वार्षिक सभा सप्टेंबरअखेर व्हावी लागते, म्हणजे त्याआधी अहवाल छापावा लागतो. पतसंस्था, पाणीवाटप संस्था, रोपवाटिका, ठिबकवाले, बियाणेवाले. शिवाय २०२० मध्ये केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्यांची योजना काढली, तेव्हापासून तालुक्यात अशा कंपन्या निघाल्या. त्यांना पिशवीवरच्या मजकुरापासून प्रकल्प अहवालापर्यंत सगळेच लागते आणि लिहिणारा माणूस मात्र त्यांच्याकडे नसतो. हे सगळे लिखाण आज कोण करतो? सेक्रेटरी करतो, कारकून करतो, नाहीतर छापखानेवाला गेल्या वर्षीचाच मजकूर तारीख बदलून छापतो. लेखकांच्या पंक्तीत या लिखाणाला कोणी पाट मांडत नाही, पण ते वाचणारी माणसे त्यावर उद्याचे काम करतात.

सुरुवात दूध संस्थेपासून झाली. तिथे आमचेच दूध जात होते, त्यामुळे पत्रक घरी येई. सूनबाईने दोन वर्षांची पत्रके समोर ठेवली आणि तिच्या लक्षात आले की जनावरांच्या आरोग्याचे पान दोन्ही वर्षी अक्षरशः तेच होते, छपाईच्या चुकांसकट. ती सेक्रेटरींकडे काम मागायला गेली नाही. आधी तिने पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना गाठले, गावातल्या चार गोठ्यांवर जाऊन बायकांशी बोलली, आणि दगडीवर, म्हणजे कासदाहावर, एक पान लिहिले. धार काढण्याआधी कास धुऊन कोरडी करावी, धार संपल्यावर सड जंतुनाशकात बुडवावेत, एवढे तर सगळेच सांगतात. तिने पुढची एक ओळ घातली. धार काढल्यावर सडाचे तोंड काही वेळ उघडे राहते, म्हणून जनावराला लगेच बसू देऊ नये. त्याच वेळी वैरण टाकावी, म्हणजे ते अर्धा तास उभे राहते. ही गोष्ट वैरण धार काढण्याआधी टाकणाऱ्या बायकांना कोणी सांगितली नव्हती.

ते पान घेऊन ती संस्थेत गेली आणि म्हणाली, “पुढच्या महिन्याच्या पत्रकात हे घालता येईल का बघा. पैसे नकोत. आवडले तर पुढचे बोलू.” सेक्रेटरींनी चष्मा लावून वाचले, मग चेअरमनला वाचून दाखवले. पान छापले गेले. पुढच्या महिन्यात संकलन केंद्रावर बायकांनी विचारले की या खेपेला काही नाही का. रतीब लागला तो असा. दर महिन्याला दोन पाने, दीड हजार रुपये. आज तो चोवीसशेवर आला आहे.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. फुकट नमुना एकदाच द्यावयाचा. आमच्याकडे ‘पोरगी चांगली आहे, समाजकार्य करते’ असे म्हणून फुकट लिहून घेणारे पुष्कळ भेटतात. हार घालतात, नारळ देतात. नारळाने फी भरली जात नाही. दुधाचासुद्धा पहिल्या दिवशी वाटीभर नमुना देतात, दुसऱ्या दिवशी माप लागते.

गिऱ्हाईक मिळणे हे निम्मे काम. ते टिकले कसे, हे मी जवळून पाहिले. सूनबाईच्या दोन-तीन सवयी मला फार आवडतात. एक म्हणजे तारीख. दहा तारखेला मजकूर द्यावयाचा म्हटले की नऊच्या रात्री तो सेक्रेटरींच्या मोबाईलवर गेलेला असतो. सात वर्षांत दोनदाच उशीर झाला, एकदा सासऱ्यांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या आजारपणात आणि एकदा पोरीला डेंग्यू झाला तेव्हा. दोन्ही वेळा तिने आधी फोन करून सांगितले होते. संस्था चालवणाऱ्या माणसाला उत्तम लेखकापेक्षा तारखेला देणारा लेखक जास्त हवा असतो. हे ऐकून साहित्यिकांना राग येईल, पण छापखाना ज्याने सांभाळला आहे त्याला विचारा.

दुसरी सवय म्हणजे ती प्रत्येक मजकूर पाठवण्यापूर्वी सासूबाईंना वाचून दाखवते. आमच्या वहिनी चौथी शिकलेल्या. एकदा कसल्याशा फवारणीचे पत्रक होते. त्यात ‘प्रति लिटर पाण्यास दोन मिली’ असे आले. वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “दोन मिली म्हंजी किती गं? पंपाला किती घालायचं ते सांग. टोपणानं मोजून दाव.” सूनबाईने लगेच उठून फवारणीचा पंप पाहिला, पंधरा लिटरचा. म्हणजे पंपाला तीस मिली. बाटलीसोबत मिळणाऱ्या मापाच्या टोपणावर तीसची रेघ होती. पत्रकात तसे लिहिले आणि मापाच्या टोपणाचे चित्र काढून दिले. मी बी. एस्सी. ॲग्री. झालेला माणूस, पण आमच्या खात्याच्या कित्येक घडीपत्रिकांना अशी वहिनी भेटली असती तर बरे झाले असते असे मला वाटते.

तिसरी सवय सर्वांत कामाची. तिच्याकडे एक वही आहे. त्यात बारा महिन्यांची बारा पाने, आणि प्रत्येक पानावर कोणत्या संस्थेला त्या महिन्यात काय लागेल याची नोंद. मे महिन्यात घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासणी. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठवड्यात सत्तर उगवले तर बियाणे पेरायला चालते. जूनमध्ये बीजप्रक्रिया, जुलैत पीकविम्याच्या मुदतीची आठवण, ऑगस्टपासून अहवाल, ऑक्टोबरात रब्बी ज्वारी आणि हरभरा, थंडीत जनावरांची खुरे-कातडी, उन्हाळ्यात चारा आणि पाणी. महिना उजाडण्याच्या पंधरा दिवस आधी ती ज्याच्या त्याच्याकडे विषय पाठवते, “या खेपेला हे घेऊ का?” समोरच्याला विचार करावा लागत नाही. हो म्हटले की काम सुरू. ज्या शेतकऱ्याला पेरणीआधी वेळेवर खत घरपोच मिळते तो दुकान बदलत नाही, तसेच हे.

पैशाचे बोलणे आपल्याकडे बायकांना अवघड वाटते, आणि लिहिणाऱ्यांना त्याहून अवघड. सूनबाईने ते शिकून घेतले. काम ठरले की तोंडी ठरवून सोडत नाही. किती पाने, कोणत्या तारखेला, किती रुपये, दुरुस्ती किती वेळा फुकट, एवढ्या चार ओळी ती मोबाईलवर लिहून पाठवते आणि समोरच्याचा होकार घेऊन ठेवते. नवा माणूस असेल तर निम्मे पैसे आधी. महिन्याच्या शेवटी रीतसर बिल, बिलाला क्रमांक. पहिल्यांदा बिल पाहून एका संस्थेतला कारकून हसला होता म्हणे. पण बिलाशिवाय त्यालाही खर्च टाकता येत नाही, हे त्याच्या लेखापरीक्षकाने त्याला सांगितले असेल.

तरी पैसे अडकतातच. जिल्ह्याच्या गावातल्या एका संस्थेने पाच महिने बिल ठेवून घेतले. तेव्हा एका हिशेबनिसाने तिला सांगितले की लहान उद्योगांची जी ‘उद्यम’ नोंदणी आहे, ती सेवा देणाऱ्यालाही करता येते आणि ती विनामूल्य आहे. २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज चढते. सूनबाईने नोंदणी केली आणि पुढच्या बिलाखाली नम्रपणे ती ओळ घातली. भांडण नाही, तंटा नाही. जुने पैसे दोन हप्त्यांत आले. त्या संस्थेने मात्र पुन्हा काम दिले नाही. तिला त्याचे वाईट वाटले नाही, मला तर मुळीच नाही. पैसे न देणारे गिऱ्हाईक गेले म्हणून रडणारा गवळी मी पाहिलेला नाही.

आणखी एक कायद्याची बाब, लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असलेली. नोकरीत नसलेल्या, बाहेरून लिहून देणाऱ्या लेखकाच्या मजकुराचा हक्क, त्याने लेखी करून दिल्याशिवाय, १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाकडेच असतो. म्हणून दगडीचे पान तिने पुढे शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या दूध संस्थेलाही दिले. पहिल्या सेक्रेटरींना आधी विचारले. ते म्हणाले, “द्या की, गाई काय तालुका बघून आजारी पडतात?”

सगळे असे सरळ झाले असे मात्र समजू नका. तिच्याकडे साखर कारखान्याचे काम होते, ऊस सूचनांचे. महिन्याच्या उत्पन्नातला निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच. एका निवडणुकीत संचालक मंडळ बदलले. नव्या मंडळींनी आपला माणूस आणला. लिखाणात काही दोष नव्हता, पण काम गेले. दोन महिने घरात तेल-मिठाची ओढाताण झाली. तेव्हापासून एका ठिकाणाहून तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त उत्पन्न होऊ लागले की ती दुसरीकडे शोध सुरू करते. एकाच विहिरीवर सगळे रान ओलवणाऱ्याचे काय होते, हे आमच्या तालुक्यात वेगळे सांगावयास नको.

त्याच ओढाताणीत एक गृहस्थ मोटारीतून आले. शेतीची द्रव औषधे विकणारी एक कंपनी. त्यांना दर महिन्याला चार यशोगाथा हव्या होत्या. महिन्याला बारा हजार, वर्षाचा करार, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. सूनबाईने तेवढी रक्कम एकरकमी कधी पाहिली नव्हती. गृहस्थांनी पहिला विषयही सांगितला. आमच्या बाटलीने डाळिंबावरचा तेल्या गेला, अशा एका शेतकऱ्याची हकिगत.

तिने विचारले, “तो शेतकरी कुठला? मी बागेत जाऊन बघते.”

ते म्हणाले, “ताई, तुम्ही कशाला एवढा त्रास घेता? फोटो आम्ही देतो, माहिती आम्ही देतो. तुम्ही फक्त मनाला भिडेल असं लिहा.”

ते गेल्यावर तिने बाटली माझ्यापुढे ठेवली. कायद्याचे होते तेवढे मी सांगितले. रोग बरा करतो असे म्हणावयाचे तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे त्या औषधाची नोंदणी लागते आणि लेबलवर त्या पिकाचे, त्या रोगाचे नाव लागते. वाढीला मदत करणारी जी जैव उत्तेजके आहेत ती २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, पण त्यांना रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. त्या बाटलीवर तेल्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. जे काही होते ते फक्त यशोगाथेत असणार होते. पुढचे मी बोललो नाही. घर तिचे, कर्ज त्यांचे, आणि मी पगारी माणूस. तिला न्याय-नीती शिकवणे मला शोभले नसते.

घरात मात्र वादळ झाले. पुतण्या म्हणाला, “तू नाही लिहिलंस तर दुसरं कोणी लिहील. बाटली विकायची ती विकणारच. आपल्या सोसायटीचा हप्ता तरी जाईल.” त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. हप्त्याची नोटीस देव्हाऱ्याशेजारी खोचलेली होती. सूनबाई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आपली बाग तुम्ही तोडलीत तेव्हा आदल्या महिन्यात आपणही एक बाटली आणली होती. कोणाच्या तरी हकिगतीवर विश्वास ठेवूनच आणली होती. ती हकिगत लिहिणारीलाही हप्ताच भरायचा असेल.” पुतण्या उठून रानात गेला. आठ दिवस त्यांच्यात जेवणापुरते बोलणे होते.

तिने त्या गृहस्थांना नाही कळवले. त्याबद्दल कोणी तिचा सत्कार केला नाही, की त्या बारा हजारांच्या जागी लगेच दुसरे काम चालून आले नाही. त्या वर्षी कर्जाचे नवे-जुने करावे लागले आणि वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या पुढे सोडवल्या, पण दीड वर्ष लागले. पुतण्याने तोडलेल्या बागेच्या जागी ज्वारी आणि कांदा धरला, आणि एक म्हैस वाढवली. तो आजही कधी कधी त्या बारा हजारांचा विषय काढतो, आता हसून काढतो.

मला या प्रसंगात आमच्या महाराष्ट्रातल्याच एका जुन्या माणसाची आठवण होते. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली ‘दीनमित्र’ काढला आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून तो अर्धशतकाहून अधिक काळ, १९६७ पर्यंत चालवला. ना शहर, ना मोठ्या जाहिराती. वाचक बहुतेक शेतकरी. खेड्यातल्या माणसाला लिहिण्यासाठी शहरात जावे लागते असे जो म्हणेल त्याला मी तरवडीचे नाव सांगतो. वर्गणीदार हा रतीबाचाच दुसरा शब्द. एकदा पैसे देऊन जो पुढच्या वर्षी पुन्हा देतो, तो मजकुराला नव्हे, लिहिणाऱ्याच्या शब्दाला पैसे देत असतो. संस्था बिल भरते, पण पत्रक वाचून जनावराला औषध पाजणारी बाई हेही सूनबाईचे गिऱ्हाईकच आहे. तिचे नाव बिलावर नसते एवढेच.

अलीकडे नवे संकट आले आहे. मोबाईलला विचारले की तो दोन मिनिटांत पत्रक लिहून देतो, तेही फुकट. दूध संस्थेच्या तरुण संचालकाने तसे केले आणि सेक्रेटरींना म्हणाला, “बाईंना चोवीसशे कशाला द्यायचे?” सेक्रेटरींनी ते वाचले. भाषा गुळगुळीत होती. पण त्यात लिहिले होते की वैशाखात जनावरांना हिरवे बरसीम भरपूर घालावे. आमच्याकडे वैशाखात प्यायला टँकर, आणि बरसीम तर थंडीतले पीक. त्यांनी तो कागद संचालकाला परत दिला आणि म्हणाले, “हे बरसीम तुम्ही आणून द्या, मी पत्रक छापतो.” तेव्हा या खेपेला निभावले. पुढे निभावेलच असे मी म्हणत नाही. ती यंत्रे सुधारणार. सूनबाईने आपल्यापुरता मार्ग काढला आहे. प्रत्येक पत्रकात ती आता गावातल्या एका गोठ्याची किंवा एका रानाची नोंद घालते, स्वतः जाऊन पाहिलेली, त्या बाईने सांगितलेल्या शब्दांत. घरी बसून ते कोणाला लिहिता येत नाही, यंत्रालाही नाही. लिहिताना तीही मोबाईलची मदत घेते, शुद्धलेखन तपासून घेते. मला त्यात वावगे वाटत नाही. बैल गेले, ट्रॅक्टर आला, तरी रान कोणाचे आणि पेरायचे काय हे ट्रॅक्टर सांगत नाही.

ज्यांना हे काम करावयाचे आहे त्यांनी सुरुवातीलाच फार मोठे पाहू नये असे मला वाटते. पहिल्या वर्षी दोन रतीब लागले तरी पुष्कळ. नोकरी असेल तर ती सोडू नये. घरात दुभते असेल तर ते विकू नये. आणि घरच्यांनी, विशेषतः पुरुष मंडळींनी, लिहिणाऱ्या बाईला रोज दोन तास कोणी हाक मारणार नाही एवढी सोय करून द्यावी. आमच्याकडे दुपारी दोन ते चार वहिनी दाराशी बसतात. पाहुणा आला तरी त्याच चहा करतात.

आज सूनबाईकडे सहा संस्थांचा रतीब आहे. दोन दूध संस्था, एक पतसंस्था, एक रोपवाटिका, आणि दोन शेतकरी उत्पादक कंपन्या. त्यांतली एक ज्वारीचे पीठ पिशव्यांत भरून पुण्याला पाठवते, तिच्या पिशवीवरचा मजकूर सूनबाईचा. महिन्याला सरासरी तेरा-चौदा हजार पडतात. पावसाळ्यात कमी, अहवालांच्या दिवसांत जास्त. पोर आता आठवीत आहे आणि तिच्या वसतिगृहाची फी यंदा याच पैशातून गेली. काल संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा सूनबाई एका पतसंस्थेच्या ताळेबंदाची वाट पाहत होती. तीनदा फोन झाले होते, कारकून उद्या देतो म्हणत होता, आणि छापखान्याची तारीख शनिवारची होती. वहिनी आतून म्हणाल्या, “त्याला म्हणावं, उद्या नाही दिलास तर दंडाचे पैसे लाव.” सूनबाई हसली आणि चौथ्यांदा फोन लावला.